गिझरच्या पोटातला समुद्र

या आठवड्यात रेग्युलेटर आणि रबरी नळी हा विषय घ्यायचा ठरला होता. तो पुढच्या अंकावर ढकलतो. धार जिल्ह्यातल्या बाग गावाहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायचं तर अख्खा हप्ता लागेल.

ताई लिहितात: गॅस गिझर लगेच पेटतो, ज्योत निळी असते, पाणीही तापतं. पण दोन-तीन मिनिटांत आतून खदखदल्यासारखा आवाज येतो, ज्योत विझते आणि समोरच्या पट्टीवर इंग्रजी 'ई' आणि एक आकडा लुकलुकायला लागतो. मिस्त्रीने सेल बदलले, महिन्याने पुन्हा बदलले. आता तो सर्किट बदलू या म्हणतो. शेवटी जाता जाता त्यांनी लिहिलंय की बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही आणि पिंपाच्या तळाशी पांढरी पूड बसते. सगळं उत्तर या शेवटच्या ओळीत आहे.

ताई, सर्किटला इतक्यात हात लावू देऊ नका. ठिणगीची साखळी आपण मागच्या वेळी पाहिली. नळ सोडला की पाणी पडद्याला ढकलतं, पडदा खटका दाबतो, दोन सेलांच्या 3 व्होल्टवर ठिणगी पडते, गॅसची झडप उघडते आणि ज्योतीतली काडी 'पेटलं' असा निरोप देते. सेल उतरले असते तर हे गाडं पहिल्या काही सेकंदांतच अडलं असतं. तुमचा गिझर दोन-तीन मिनिटं उत्तम चालतो, म्हणजे ही सगळी मंडळी आपापलं काम चोख करताहेत. मग विझवतं कोण? तांब्याच्या नळीला चिकटवलेला तापमानाचा खटका. नळी मर्यादेबाहेर तापली की तो गॅस तोडतो. पट्टीवरचा आकडा कंपनीगणिक वेगळा असतो, एकीचा 'ई वन' म्हणजे दुसरीचा 'ई वन' नव्हे. तेव्हा गिझरसोबत आलेली पुस्तिका काढून पाहा. मात्र आकडा कुठलाही असो, गॅस कुणी तोडला एवढंच तो सांगतो. का तोडला, हे आपणच शोधायचं.

आणि त्यासाठी बागचं पाणी ज्या दगडातून येतं तो दगड पाहायला हवा. बाग ओळखलं जातं ते तिथल्या कोरीव लेण्यांसाठी, पण भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांतही या गावाचं नाव येतं. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी समुद्राचा एक फाटा पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता. त्याच्या तळाशी शिंपले, अमोनाइट, ब्रायोझोआ नावाच्या चिमुकल्या जीवांचे सांगाडे साचत गेले आणि त्यांची चुनखडी झाली. नंतर दख्खनच्या लाव्हाने ते सगळं झाकलं. आज जिथे नद्यांनी वरचा काळा दगड कापून काढला आहे, तिथे ही चुनखडी उघडी पडते. लेणी ज्या वालुकाश्मात कोरली आहेत, तो हिच्या खालचा थर. या साऱ्या सागरी थरांना जगभरचे अभ्यासक बागच्याच नावाने ओळखतात.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली झिरपतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवतं. बोअरमधून वर येतं ते हे पाणी. गार असताना चुना त्यात गुमान राहतो. तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना पुन्हा दगड होऊन चिकटतो, तोही सगळ्यात गरम जागी, म्हणजे बर्नरवरच्या तांब्याच्या नळीच्या आतल्या अंगाला. साखर-मीठ गरम पाण्यात जास्त विरघळतं. चुन्याचं नेमकं उलट. साठ अंशांच्या पुढे तर हे काम झपाट्याने होतं.

हिशेब करून पाहा. पाण्याची कठीणता लिटरला 300 मिलिग्रॅम धरली (पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्या, असं आहे) आणि रोज 100 लिटर पाणी तापवलं, तर दिवसाला 30 ग्रॅम चुना गिझरमधून जातो. त्यातला शंभरावा हिस्सा जरी आत राहिला तरी वर्षाला शंभर ग्रॅमच्या वर दगड त्या बोटाएवढ्या नळीत साचतो. या खपलीतून उष्णता जाते ती तांब्याच्या मानाने शेकडो पटींनी कमी. म्हणून नळीचा धातू भडकतो, खपलीखाली अडकलेलं पाणी जागच्या जागी उकळतं (तुम्ही ऐकता ती खदखद हीच) आणि खटका उडतो. आपल्या आजीच्या तांब्याच्या बंबातही हीच पुटं बसत. पण त्याची पोकळी ऐसपैस, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाचं अडत नसे.

इथे थोडं वाट सोडून. ज्या चुन्याने ताईंचा गिझर बंद पाडला, तो बागच्या छिप्यांना, म्हणजे ठशांनी कापड छापणाऱ्या कारागिरांना, मात्र लाभतो असं मला ठामपणे वाटतं. बाग प्रिंटचं कापड हिरड्यात भिजवतात, तुरटीच्या आणि लोहाच्या लेपाने ठसे उठवतात, वाहत्या पाण्यात धुतात आणि मग तांब्याच्या मोठ्या भांड्यात अलिझरीन आणि धावडीच्या फुलांबरोबर उकळतात. तुरटीचा ठसा तिथे लाल होतो, लोहाचा काळा. अलिझरीनचा लाल पक्का बसायला तुरटीतल्या अॅल्युमिनियमला कॅल्शियमची जोड लागते. जिथलं पाणी मऊ, तिथले रंगारी या कामासाठी मुद्दाम खडू घालत आले आहेत. बागचे कारागीर आपल्या रंगाचं श्रेय बाघिनी नदीच्या पाण्याला देतात, ते मला अगदी पटतं.

आता उपाय. रेग्युलेटर बंद करा, सेल काढा, गिझर पूर्ण गार होऊ द्या. थंड पाण्याच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती आधी धुवा. कधी कधी तेवढ्यानेच भागतं. नाही भागलं तर दोन्ही पाण्याच्या नळ्या सोडवून त्यांची तोंडं गिझरपेक्षा उंच धरा आणि लिटरभर कोमट पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून नरसाळ्याने आत ओता. बुडबुडे येतील. पावसाने दगडात नेलेला तोच वायू तुमच्यासमोर बाहेर पडतो, आणि मला हे दरवेळी पाहत राहावंसं वाटतं. अर्ध्या तासाने ते पाणी काढून टाका, बुडबुडे थांबेपर्यंत पुन्हा करा, मग भरपूर स्वच्छ पाणी सोडून धुवा. संडास धुण्याचं अॅसिड चुकूनही वापरू नका, ते तांब्या-पितळेचे सांधे खातं. गॅसच्या बाजूचा एकही स्क्रू घरी उघडायचा नाही. ते कंपनीच्या माणसाचं काम.

हिवाळ्यात हा त्रास वाढतो याचं कारण आपल्या हातात आहे. माळव्यातल्या थंडीत आपण बटण 'हिवाळा'वर लावतो, गॅस पूर्ण ठेवतो, वर तोटी बारीक करतो, कढत पाणी काढतो आणि बादलीत गार मिसळतो. त्याऐवजी धार पूर्ण सोडा आणि गॅस कमी करा. अंगावर घेण्याजोगंच पाणी बाहेर आलं तर खपली फार हळू धरते.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. ज्योत पिवळी झाली, झाकणावर काजळी दिसली किंवा अंघोळीनंतर डोकं जड वाटू लागलं, तर तो चुन्याचा प्रश्न नाही. गिझर त्या क्षणी बंद करा. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेतो. गिझर न्हाणीघराच्या आत असेल तर कुठल्याही आकड्याची वाट न पाहता तो बाहेरच्या मोकळ्या भिंतीवर हलवून घ्या.

ताई, नळी साफ केल्यावर काय झालं ते जरूर कळवा. बाकीच्यांनी पुढच्या आठवड्यासाठी एवढंच करा: सिलिंडरच्या नारिंगी नळीवर कुठलं साल छापलंय ते वाचून ठेवा. त्याला पाच वर्षं उलटली असतील तर लेखाची वाट पाहू नका, आधी नळी बदला.