सिस्टरच्या पोटरीतला पंप

ऑपरेशन थिएटरमधल्या स्क्रब सिस्टर कधी पाहिल्या आहेत? अंगावर गाऊन, हातांत निर्जंतुक मोजे. बसायचं नाही, कुठे टेकायचं नाही, हात कमरेखाली न्यायचे नाहीत. डॉक्टरांच्या हातात कात्री, धागा, चिमटे देत त्या दोन-तीन तास एकाच जागी उभ्या. गाऊनखाली मात्र अनेकींची हळूच हालचाल चालू असते: टाच उचल, टेकव, भार या पायावरून त्या पायावर.

या चाळ्यामागे शरीराची भन्नाट युक्ती आहे. हृदय रक्त पायांपर्यंत ढकलतं खरं, पण ते चार फूट वर परत आणायचं कोणी? पोटरीने! पाऊल टाकलं की तिचे स्नायू आवळतात, आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर सरकतं आणि शिरांतल्या झडपा ते मागे येऊ देत नाहीत. पदुआच्या फाब्रिसियसने १६०३ साली या झडपांवर पुस्तक छापलं, पण त्यांचं खरं काम त्याला उमगलं नाही. ते सांगितलं त्याच्याच शिष्याने, विल्यम हार्वीने, १६२८ मध्ये.

अगदी स्तब्ध उभं राहिलं, तर अर्ध्याएक मिनिटात पावलांच्या शिरांतला दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरपर्यंत चढतो. चालू लागलं की तोच विसाच्या आसपास! म्हणजे शिरांच्या हिशोबाने चालणं सोपं, ताटकळणं अवघड. तसंच उभं राहिलं तर रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून झिरपून आजूबाजूला साचतं. ड्युटी संपवून मोजे काढले की घोट्यावर खोल वळ दिसतो, तो यामुळेच. कवायतीत सावधान उभा असलेला धडधाकट जवान कोसळतो, त्यामागेही हेच गणित असतं.

मग वॉर्डातल्या सिस्टर सुखी म्हणायच्या? शिरांपुरत्या, हो. तळवे, गुडघे आणि कंबर वेगळं सांगतील. अमेरिकेतल्या ३६ रुग्णालयांचा एक अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. दिवसाच्या दहा तासांच्या पाळीत नर्सचं चालणं साधारण तीन मैल, म्हणजे पावणेपाच किलोमीटर भरलं. तेही सकाळच्या फिरण्यासारखं सलग नव्हे. दहा पावलं चाला, थांबा, वाका, सलाईन बदला, पुन्हा वळा. त्यात कितीतरी फेऱ्या रुग्णाकडे नसतातच, वस्तूंकडे असतात: औषधांचं कपाट, चादरी, फोन, फाइल.

हे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५३ मध्येच ओळखलं होतं. लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरची आजारी स्त्रियांची संस्था हाती घेताना त्यांनी पत्रातून मागितलं काय, तर प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी, जेवण वर चढवायला लिफ्ट आणि कोणी बोलावलं ते नर्सला दाराशीच दिसेल अशी घंटा. नाहीतर नर्स म्हणजे जिने चढणारे-उतरणारे नुसते दोन पाय उरतील, असं त्यांनी रोखठोक कळवलं. आपण दिवा घेतलेल्या बाईंची तसबीर भिंतीवर लावली. मला विचाराल तर लिफ्ट मागणाऱ्या बाई जास्त थोर.

तुमच्या वॉर्डात लिफ्ट बसवणं काही तुमच्या हातात नाही. पण बेल दाबण्याआधी पेशंटला पाणी हवंय का, उशी नीट आहे का, सलाईन संपत आलंय का, हे एकदा बघून घ्या आणि सगळं एकदमच सांगा. सिस्टरच्या दोन फेऱ्या तरी वाचतील.