ब्रेस्ट लिफ्ट : सुरी लागण्याआधी रक्ताचा विचार

ब्रेस्ट लिफ्टच्या शस्त्रक्रियेत स्तनाग्र कापून काढतात आणि वरच्या जागी नेऊन पुन्हा शिवतात, असा अनेकींचा समज असतो. प्रत्यक्षात नेहमीच्या शस्त्रक्रियेत ते शरीरापासून क्षणभरही सुटत नाही. आजूबाजूची जादा त्वचा काढली जाते. स्तनाग्र, त्याभोवतीचं गडद वर्तुळ आणि त्यांना रक्त पोचवणारा ऊतींचा एक पट्टा मात्र छातीशी जोडलेलाच राहतो आणि त्या पट्ट्यासकट स्तनाग्र वर सरकवलं जातं. प्लास्टिक सर्जन या पट्ट्याला पेडिकल म्हणतात, आपण देठ म्हणू. देठातला रक्तप्रवाह टिकला तर शस्त्रक्रिया साधली. तो तुटला तर स्तनाग्राची त्वचा काळी पडून मरू शकते. असं क्वचितच घडतं, पण ही शस्त्रक्रिया कोणी, कधी आणि कोणाकडून करून घ्यावी, याची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीपाशी येतात.

नवी मुंबईत ऐरोलीपासून पनवेलपर्यंत आज मोठी रुग्णालयंही आहेत आणि रहिवासी इमारतींच्या पहिल्या मजल्यावर थाटलेली ‘कॉस्मेटिक’ क्लिनिकंही. मोबाइलवर ‘आधी आणि नंतर’चे फोटो सारखे डोळ्यांसमोर येत असतात. त्या फोटोंत देठ दिसत नाही.

स्तन ओघळतात कशाने?

स्तनात स्नायू नसतो. दूध तयार करणाऱ्या ग्रंथी, चरबी आणि त्यांना सावरणारे तंतुमय बंध एवढंच त्यात असतं. या बंधांना ‘कूपरचे बंध’ म्हणतात, कारण इंग्लंडचे शल्यविशारद ॲस्टली कूपर यांनी १८४० साली स्तनाच्या रचनेवरच्या ग्रंथात त्यांचं सविस्तर वर्णन केलं. छातीचा मोठा स्नायू असतो तो स्तनाच्या मागे. त्यामुळे पुशअप्स काढून तो स्नायू बळकट होईल, पण ताणलेली त्वचा आणि सैलावलेले बंध आखडणार नाहीत.

दोष बहुतेक वेळा बाळाला अंगावर पाजण्यावर ढकलला जातो. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठातल्या प्लास्टिक सर्जननी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र स्तनपान हे स्वतंत्र कारण ठरलं नाही. वाढतं वय, जास्त वजन, गर्भारपणांची संख्या, मुळातला मोठा आकार आणि धूम्रपान यांचा संबंध दिसला. म्हणजे गरोदरपणात स्तन भरतात आणि पुढे आक्रसतात, त्या चढउताराने त्वचा सैल पडते. बाळाला पाजलं किंवा नाही पाजलं, तरी ते व्हायचंच. आकार बिघडेल म्हणून दूध लवकर तोडण्याला शास्त्राचा आधार नाही.

तेलं, मलमं आणि ‘आयुर्वेदिक’ कॅप्सूल यांनाही नाही. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या परिशिष्टात, ज्या तक्रारींवर औषधांची जाहिरात करायला मनाई आहे त्यांत, स्त्रीच्या स्तनांचा आकार आणि ठेवण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अशी जाहिरात दिसली तर औषध निरुपयोगी तर आहेच, जाहिरातही बेकायदा आहे.

पुण्याचं नाक आणि देठाचं तत्त्व

देठासकट त्वचा हलवण्याच्या या तत्त्वाचा एक गाजलेला पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. ब्रिटिश सैन्यासाठी बैलगाडी हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या कैदेत सापडला. तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे पुण्याजवळच्या एका कुंभार कारागिराने त्याला नवं नाक करून दिलं. त्या पद्धतीत आधी मेणाचा नाकाच्या मापाचा तुकडा घेत, तो कपाळावर सपाट पसरून कडा आखत आणि तेवढी त्वचा सोडवत. दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र तशीच जोडलेली ठेवत. त्वचा खाली वळवून नाकाच्या जागी बसवली जाई आणि ती नव्या जागी रुजल्यावर, सुमारे पंचविसाव्या दिवशी, पट्टी कापत. ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापून आली आणि १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी त्या आधारे लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली. पट्टी घाईने कापली असती, तर कावसजीचं नवं नाक सुकून गळून पडलं असतं.

टेबलावर काय घडतं?

कॅनडातल्या सर्जन पॉल रेन्यो यांनी १९७६ मध्ये दिलेली वर्गवारी आजही वापरतात. स्तनाच्या खालच्या घडीच्या रेषेत स्तनाग्र असेल तर पहिली पायरी, घडीच्या खाली उतरलं असेल तर दुसरी आणि स्तनाच्या अगदी तळाशी, जमिनीकडे रोखलेलं असेल तर तिसरी. पायरीवरून छेद ठरतो. थोडं ओघळलेलं असेल तर गडद वर्तुळाभोवती गोल छेद पुरतो. त्याहून जास्त असेल तर गोलापासून खाली एक उभी रेघ येते. खूपच असेल तर त्या रेघेच्या टोकाला, स्तनाखालच्या घडीत, आडवा छेदही द्यावा लागतो. जास्त ओघळलेल्या पायरीच्या रुग्णाला ‘फक्त गोल छेदात काम होईल, व्रण दिसणारच नाही’ असं आश्वासन मिळालं, तर सावध व्हावं. ताण एकाच वर्तुळावर आला की व्रण रुंदावतो आणि स्तन पुढून चपटा दिसू लागतो.

शस्त्रक्रियेचा नकाशा भूल देण्याआधी, रुग्णाला उभं करून काढतात. गळ्याच्या खळगीपासून स्तनाग्रापर्यंत टेप लावतात, दोन्ही बाजूंची मापं लिहितात आणि मार्करने रेषा आखतात. आडवं झालं की स्तन बाजूंना पसरतात आणि सगळी मापं चुकतात. ऐन शस्त्रक्रियेतही अनेक सर्जन तात्पुरते टाके घालून टेबल वर उचलतात, बेशुद्ध रुग्णाला बसतं करतात, दोन्ही बाजू ताडून पाहतात आणि मगच पक्के टाके घालतात. तरीही दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत. मुळातही त्या तशा नसतात.

या शस्त्रक्रियेने जागा आणि आकार बदलतो, भरीवपणा वाढत नाही. तो हवा असेल तर कृत्रिम इम्प्लांटचा वेगळा निर्णय घ्यावा लागतो. इम्प्लांट जन्मभर टिकत नाही, त्यामुळे पुढे पुन्हा शस्त्रक्रिया होण्याची शक्यता धरून चालावं लागतं.

मिश्रीबद्दल कोणी विचारत नाही

निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणजे घाव थेट देठावरच. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे तंबाखू पूर्ण बंद ठेवायला सांगतात. पण तपासणीच्या फॉर्मवर प्रश्न असतो ‘सिगारेट ओढता का?’ आणि बाई सरळ ‘नाही’ म्हणते. सकाळी तव्यावर काळी होईतो भाजलेली, कुटून डबीत भरलेली मिश्री ती दातांना लावत असते, पण ते तिच्या लेखी दात घासणं असतं. मिश्री म्हणजे तंबाखूच. हिरड्यांवाटे निकोटीन रक्तात उतरतं. गुटखा, हुक्का, निकोटीनचं च्युइंगगम यांनाही हाच न्याय. कोणी विचारो न विचारो, हे सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला सांगायलाच हवं. मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, घरगुती चूर्णं आणि स्तनावर पूर्वी झालेली शस्त्रक्रिया यांचंही तसंच, कारण जुन्या छेदाने देठाची एखादी वाट आधीच बंद केलेली असू शकते.

काळही जपायचा आहे. दूध तोडल्यावर साधारण सहा महिने थांबावं. वजन उतरवायचं असेल तर आधी उतरवून काही महिने स्थिर ठेवावं. आणखी मूल हवं असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलणं शहाणपणाचं, कारण पुढचं गर्भारपण केलेलं काम बिघडवू शकतं आणि नंतर अंगावर पाजता येईलच याची हमी नसते. चाळिशीनंतर आधी मॅमोग्राफी करून घ्यावी, त्याआधी गरजेप्रमाणे सोनोग्राफी. गाठ असेल तर आधी तिचा छडा लावायचा, सौंदर्याचं नंतर.

नंतरचे दिवस

दोन-तीन तासांची शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन होते. पुढचे चार ते सहा आठवडे आधार देणारी ब्रा दिवसरात्र घालायची, जड उचलायचं नाही आणि हात खांद्याच्या वर ताणायचे नाहीत. म्हणजे पाण्याची बादली नाही, मुलाला कडेवर घेणं नाही आणि वाशीहून लोकलमध्ये वरची कडी धरून उभं राहणंही नाही. आपल्याकडच्या दमट हवेत स्तनाखालच्या घडीत घाम साचून जखम भिजते. उभा आणि आडवा छेद जिथे मिळतात, तिथलं भरून येणं सर्वांत मंद असतं. रक्त साकळणं, जंतुसंसर्ग, बधिरपणा हे धोके आहेत. बधिरपणा बहुधा महिन्यांनी ओसरतो, काहींचा कायम राहतो. व्रण पिकून फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं. सावळ्या त्वचेत तो जाड, उंचावलेला होण्याची शक्यता जास्त असते. कान टोचल्यावर गाठ आली असेल तर ते आधीच सांगावं. आणि वय वाढत राहतं, त्वचा पुन्हा सैल होते.

पैसे आणि कागद

केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा मिळत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना हे अपवाद आहेत. इतर उपचारांना असलेली जीएसटीची सूटही इथे नाही. म्हणून सांगितलेल्या रकमेत कर, भूलतज्ज्ञाची फी आणि पुन्हा टाके घालावे लागल्यास त्याचा खर्च धरला आहे का, हे लेखी घ्यावं. एमबीबीएस आणि एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच किंवा डीएनबी ही या कामाची पदवी. नाव महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत आहे का, ते पाहावं. रुग्णालयाची नोंदणी महापालिकेकडे असते, बेलापूर ते ऐरोली नवी मुंबईकडे, तर खारघर, कामोठे, पनवेल २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेकडे.

पहिल्या भेटीत सर्जनला विचारावं : माझी पायरी कोणती, छेद कुठे येणार आणि का, देठ कोणत्या बाजूने ठेवणार, व्रण बिघडला तर काय करणार, माझ्यासारख्या त्वचेच्या रुग्णांचे वर्षभरानंतरचे फोटो त्यांच्या संमतीने दाखवता येतील का, आणि शस्त्रक्रिया नाहीच केली तर काय बिघडेल? शेवटच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर बहुतेक वेळा ‘काहीच नाही’ असं असतं. जो सर्जन ते मोकळेपणाने देतो, त्याच्या बाकीच्या उत्तरांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. उत्तरं गुळमुळीत आली, किंवा ‘आजच ॲडव्हान्स भरलात तर सवलत’ असं ऐकू आलं, तर तपासणीची फी द्यावी, उठावं आणि दुसऱ्या सर्जनची वेळ घ्यावी.