जकातनाक्यावरील कारकुनाचा सिंह

चित्रकला ही चित्रशाळेंतच येते, असा आपल्याकडे एक दृढ समज आहे. फ्रान्समधील आंरी रूसो (१८४४–१९१०) हा त्या समजाला सणसणीत अपवाद होय. (तत्त्ववेत्ता रूसो तो निराळा.) कलेचें रीतसर शिक्षण त्याला मिळालें नव्हतें. १८७१ पासून १८९३ पर्यंत तो पॅरिसच्या वेशीवर जकातखात्यांत कारकून होता. शहरांत येणाऱ्या मालावर नगराचा वांटा वसूल करणें हें त्याचें काम. पुढें अल्पशा पेन्शनीवर त्यानें सर्व वेळ चित्रें काढलीं, आणि लोक तीं पाहून खो खो हंसले.

१९०५ सालीं पॅरिसच्या शरत्कालीन प्रदर्शनांत त्यानें मांडलेलें एक चित्र सुमारें दहा फूट रुंद व साडेसहा फूट उंच आहे. सध्यां तें स्वित्झर्लंडांत बाझल शहरानजीक बायलर संग्रहालयांत आहे. घनदाट रानांत भुकेल्या सिंहानें हरिणाच्या मानेंत दांत रोवले आहेत. मागें तांबडा सूर्य बुडत आहे. चित्रासोबत रूसोनें मजकूरही दिला होता. त्याचा आशय असा, कीं सिंह हरिण खात आहे, आपल्या वांट्याची पाळी केव्हां येते म्हणून बिबळ्या चिंतेंत आहे, पक्ष्यांनीं एकेक लचका आधींच तोडला आहे, आणि बिचारें हरिण अश्रू गाळीत आहे. शेवटीं सूर्यास्ताची नोंद! एवढा भयंकर प्रसंग, पण भाषा रोजकीर्दीची.

आतां गंमत पाहा. रूसो फ्रान्सबाहेर कधींच गेला नाहीं. त्याचें अरण्य म्हणजे पॅरिसच्या वनस्पति-उद्यानांतील कांचगृहें. आणि हा सिंह व हें हरिण त्यानें तेथील प्राणिसंग्रहांत पेंढा भरून मांडलेल्या जोडीवरून घेतलीं. सिंह मोकळ्या माळरानांत राहतो, असल्या दाट झाडींत नव्हे, हें आमचे विद्यार्थीही सांगतील. म्हणजे मरणाचा हा सोहळा अगोदरच मेलेल्या जनावरांचा! त्या हरिणाच्या डोळ्यांत पाणी मात्र रूसोनें आपल्या पदरचें घातलें.

येथें हंसूं येतें व लगेच ओसरतें. दोन्ही पत्नी व बहुतेक मुलें या माणसाच्या डोळ्यांदेखत वारलीं होतीं. त्यानें तो अश्रू थट्टेनें काढला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं. आणि तो ‘वांटा’! ज्यानें बावीस वर्षें वेशीवर गाडीगाडींतून वांटा काढला, त्यानेंच मरणाऱ्या हरिणाभोवतीं वांटेकरी उभे करावे, हा आम्हांस निव्वळ योगायोग दिसत नाहीं. सिंह निदान भुकेला तरी आहे. बाकीचे नुसते हक्कदार.

चित्र पाहतांना प्रथम सिंह दिसतो. बिबळ्या शोधावा लागतो. चोंचींत लाल मांसाची पट्टी धरलेलें घुबडही तसेंच. झाडींतल्या अंधारांत उभें असलेलें एक काळें, केसाळ जनावर तर सर्वांत शेवटीं दृष्टीस पडतें. कोणी त्याला वानर म्हणतात, कोणी अस्वल. रूसोच्या मजकुरांत त्याची नोंदच नाहीं.