ईदीचा मासा आजारी पडला तेव्हा

गेल्या वर्षी रमजान ईदला आमच्या धाकटीने जमलेल्या ईदीतून तीन मासे आणले. बोटाच्या पेराएवढे, पिवळसर अंगावर काळे ठिपके आणि दोन मोठाले डोळे. ते डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवत मासा आपल्याकडे टक लावून बघतो. आपल्या कोकणात जाळ्यात आला की पोट फुगवतो तो केंड मासा सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्याच कुळातला हा गोड्या पाण्यातला छोटा भाऊ. बाजारात त्याला ‘पी पफर’ म्हणतात, म्हणजे वाटाण्याएवढा पफर.

दुकानदाराने सांगितले होते, “दिवसातून दोनदा चिमूटभर दाणे टाका, बस्स.” माशांनी त्या दाण्यांना तोंड लावले नाही. पंधरा दिवसांत दोन मेले. तिसऱ्याचे नाव धाकटीने मोती ठेवले होते. ती रडत म्हणाली, “अम्मी, आता मोती पण मरणार का?” शेजारी बसलेल्या तिच्या दादी एवढेच म्हणाल्या, “बेजुबान जीव आहे. घरात कैद केलात, तर त्याचा हक्कही द्या.”

मी शाळेत भाषा शिकवते, माशांचे मला काय कळणार? पण त्या दिवसापासून वाचायला आणि जाणकारांना विचारायला सुरुवात केली. जे समजले ते इथे देते. आता बऱ्याच घरांत मुलांच्या हट्टापायी काचेची टाकी आलेली आहे, म्हणून.

हा मासा खातो तरी काय?

पी पफर मूळचा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांचा. शास्त्रज्ञांनी 1941 साली पंबा नदीतल्या माशांवरून त्याची नोंद केली. आज तो धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे, आणि बाजारात येणारे बरेच मासे अजूनही नदीतूनच पकडलेले असतात. नदीत तो किडे, अळ्या, छोट्या गोगलगायी खातो. कोरडा दाणा त्याला अन्न वाटतच नाही. आमचे मासे भरल्या ताटासमोर उपाशी राहिले होते.

मग आम्ही गोठवलेल्या लाल अळ्या आणल्या आणि एका बरणीत छोट्या गोगलगायी वाढवल्या. मोती अक्षरशः तुटून पडला. डासांच्या अळ्याही त्याला आवडतात, पण त्यासाठी घरात पाणी साठवू नका; माशाचे पोट भरेल आणि घरात डेंग्यू येईल.

आधी पाण्याचा इलाज

मेच्या सुट्टीत मोती पुन्हा आजारी पडला, आणि या वेळी चूक माझी होती. टाकी साफ करताना मी फिल्टरचा स्पंज नळाखाली चांगला चोळून धुतला. दोन दिवसांत मोती तळाशी बसू लागला. रंग काळवंडला, कल्ले भराभर हलू लागले, खाणे बंद.

कारण असे आहे. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो माशाचे कल्ले जाळतो. स्पंजवर राहणारे उपयोगी जिवाणू या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने मी तेच जिवाणू मारून टाकले होते. स्पंज नेहमी टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा.

मासा मलूल दिसला की आपण दुकानात औषध मागायला धावतो. त्याआधी पाणी तपासा. त्यासाठी थेंबांचा संच मिळतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. ते नसतील तर रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नवे पाणी तितकेच कोमट किंवा थंड असावे आणि त्यात क्लोरीन मारणारे थेंब टाकलेले असावेत. सगळे पाणी एकदम बदलू नका, तो धक्काही माशाला सोसत नाही. आम्ही दहा दिवस हे केले. चौथ्या दिवशी मोती तळावरून उठला.

औषध जपून

पण त्याचे पोट खपाटीलाच होते. खात होता, तरी वाळत होता, आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी पडत होती. नदीतून पकडलेल्या पफरमध्ये हे पोटातल्या जंतांचे लक्षण असू शकते. त्यावर औषध आहे, पण मात्रा माशाच्या जाणकार डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी चौकशी केली तर योग्य माणसाचा पत्ता लागतो. आम्ही मोतीला छोट्या वेगळ्या टाकीत ठेवले आणि सांगितलेले औषध अळ्यांना लावून खाऊ घातले.

पफरच्या अंगावर इतर माशांसारखे खवले नसतात, त्यामुळे औषध त्याला लवकर बाधते. विशेषतः तांबे असलेली औषधे मनाने टाकू नका.

त्याला हलवताना जाळी वापरू नका. घाबरून तो फुगतो, आणि पाण्याबाहेर फुगला तर पोटात हवा अडकून जिवावर बेतते. पेल्यात पाण्यासकट उचलावे. मुलांनी गंमत म्हणून त्याला फुगवायला लावणे म्हणजे त्याचा छळ आहे.

या कुळातले अनेक मासे विषारी असतात. म्हणून मेलेला मासा मांजरीपुढे टाकू नका, आणि टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवा. नकोसा झाला म्हणून ओढ्यात किंवा विहिरीत सोडू नका.

महिन्याभराने मोतीचे पोट गोल दिसू लागले. धाकटीने एक वही केली आहे. तारीख, काय खाल्ले, पाणी कधी बदलले, सगळे त्यात लिहिते. शाळेच्या वहीपेक्षा अक्षर चांगले येते, असे तिचे अब्बा चिडवतात.

यंदा ईदला तिच्या खालाच्या मुलाने ईदी दाखवत विचारले, “चल ना, मला पण मासे घेऊन दे.” ती म्हणाली, “आज फक्त टाकी आणि फिल्टर घे. रोज चिमूटभर खाद्य टाकून चार-सहा आठवडे तशीच चालव, म्हणजे जिवाणू वाढतील. पाणी तपासू, आणि मग मासा आणू.”

तो जरा हिरमुसला. पण टाकीच घेऊन घरी गेला.