‘कंट्री’ माल म्हणजे कोणता?

मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरातील फॉस्टर स्ट्रीटवर, ज्या भागास ‘लिटल इंडिया’ म्हणतात तेथे, आपण ‘देशी’ म्हणून जे वाणसामान हौसेने घेतो ते बहुतेक समुद्रापलीकडून आलेले असते. परंतु कंपनी सरकारच्या अमदानीत हिंदुस्थानातील इंग्रजांनी याच ‘देशी’चा तर्जुमा करून ‘कंट्री’ हे विशेषण रूढ केले, तेव्हा त्याचा अर्थ ‘येथेच पिकलेले वा घडवलेले’ असा होता, आणि त्याचा प्रतियोगी शब्द होता ‘युरोप’. हेन्री यूल व बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात त्याची सविस्तर नोंद केली असून, त्यातली किंचित तुच्छतेची छटाही प्रांजळपणे नमूद केली आहे. मुंबईच्या बागांतला रायआवळा ‘कंट्री गूजबेरी’ ठरला, आणि हिंदी बंदरांतील मालकांची गलबते, त्यांवरचे अंमलदार गोरे असले तरी, ‘कंट्री शिप’ म्हणवली गेली. रताळ्यास ‘कंट्री पोटॅटो’ म्हणत, ही तर मोठी गंमत, कारण तेही बटाट्यासारखेच अमेरिकेतून आलेले, केवळ आधी येऊन स्थिरावलेले (वहिवाटीने हक्क मिळतो तो असा!). घोड्यांतही हाच भेद होता: एतद्देशीय तो ‘कंट्री’, आणि न्यू साउथ वेल्सहून हिंदुस्थानात येणारा तो ‘वेलर’, म्हणजे ऑस्ट्रेलियाचा माल तेव्हा विलायतीच्या पंक्तीत बसे.

विल्यम क्रुक यांनी सिद्ध केलेली कोशाची १९०३ ची आवृत्ती इंटरनेटवर विनामूल्य मिळते. जिज्ञासूंनी ‘कंट्री’ ही नोंद मुळातून अवश्य वाचावी.