उतारवयातील आहार : खोडव्यालाही खत लागते



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांवर लिहितो. या खेपेस घरातल्या वडीलधाऱ्यांच्या ताटाविषयी लिहीत आहे.

लागणीला खताचे हप्ते वेळेवर देणारा माणूस खोडव्याला मात्र ‘येईल तसा येईल’ म्हणून सोडून देतो, आणि टनेज घटले की वाणाला नावे ठेवतो. घरातही तेच चालते. ‘आता वय झालं, भूक कुठं लागते’ म्हणत म्हातारी माणसे अर्ध्या भाकरीवर उठतात, आणि कोणी आग्रह करीत नाही.

वयाबरोबर अंगातले मांस झडते. मांड्यांची ताकद गेली की उठताना हात टेकावा लागतो, न्हाणीत तोल जातो, खुब्याचे हाड मोडते. एकदा अंथरूण धरले की उरलेले मांसही भराभर जाते. हे थोपवायला प्रथिने लागतात. उतारवयात वजनाच्या किलोमागे रोज साधारण 1 ग्रॅम धरावे, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ग्रॅम.

आता हिशेब करू. दिवसाच्या तीन ज्वारीच्या भाकरी आणि दोन वाट्या पातळ आमटी यांतून जेमतेम 25 ग्रॅम मिळतात. पेलाभर दुधातून 8, मूठभर शेंगदाण्यांतून 7, एका अंड्यातून 6. घट्ट वरण किंवा मटकी-हुलग्याची उसळ दोन्ही वेळा वाटीभर घेतली तर आणखी 15. झाला हिशेब पुरा, आणि यातले बहुतेक घरचेच आहे. दात नसतील तर दाण्याचे कूट करावे, भाकरी दुधात कुस्करावी. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय डाळ-अंडी वाढवू नयेत.

दूध डेअरीला घालण्याआधी आईबापांचा पेला बाजूला काढा. सगळं दूध कॅनमध्ये आणि बापाला कोरा चहा, हे काही बरं नव्हे.

साखर कारखान्याच्या पत्रिकेत पुढचे लिहिलेले काहींना खटकेल, तरी लिहितो. दिवसाला सहा कप चहा, कपाला दोन चमचे, म्हणजे 60 ग्रॅमच्या आसपास साखर नुसत्या चहातून गेली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाकाठी 50 ग्रॅमच्या आत, शक्यतो 25 ग्रॅमच्या आत राहायला सांगते. सवलतीची साखर मिळते म्हणून ती महिन्यात संपवलीच पाहिजे असे नाही. मधुमेहात गूळ चालतो हाही गैरसमजच. गुळातही बहुतेक साखरच असते.

म्हातारपणी तहान कमी जाणवते. तेव्हा पाणीसुद्धा पाळी ठरवून प्यावे.

नुसते खाऊन बसून राहिले तर मांस धरत नाही. रोज अर्धा तास बांधावरून चालावे. भिंतीजवळ खुर्ची ठेवून हात न टेकता दहा वेळा उठबस करावी. सुरुवातीला पाच जमले तरी चालेल. तंबाखू आणि मिश्री सोडावी, हे आमच्या भगिनींनाही सांगणे आहे. रक्तदाब आणि रक्तातली साखर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळते. गाळप सुरू होण्याआधी एकदा जाऊन यावे, नंतर तोडणीच्या धांदलीत राहून जाते.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट न जाळता कुजवण्याविषयी लिहू.

– ऊस विकास अधिकारी