भिंत नसलेलं पाणी

तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. कोकणातल्या दर्यावर्दींचा हा हिशेब मला मालवणात, चिवल्याच्या वाळूत एका तांडेलकाकांनी शिकवला, तोही मी पोहायला उतरायच्या पाचच मिनिटं आधी. अष्टमी होती. "भांगाचा पाणी आसा, ओढ कमी. पण आडवा व्हरतला हां," ते म्हणाले.

चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा भरते. माझं वय पन्नाशीचं, उमेद पंचविशीची, गट एक किलोमीटरचा. तलावात मी नाकासमोर पोहतो असा माझा समज होता. तलावाच्या तळाला काळी रेघ असते. समुद्रात ती नसते, आणि पहिल्या दोन मिनिटांत कळलं की नाकासमोर जात होती ती रेघच. दहा-बारा हात मारून मान वर काढावी, तर नारिंगी बोया पुन्हा डावीकडे सरकलेला. गॉगलात पाणी, तोंडात खार, पोटरीला काहीतरी बुळबुळीत चाटून गेलेलं. आणि या सगळ्यात आपण मजेत आहोत, हे मला परतीच्या वाटेवर लक्षात आलं.

याचं कारण मी भिंतीत शोधतो. तलावात दर पंचवीस किंवा पन्नास मीटरला भिंत येते. ती विसावा देते, वळायला आधार देते, आकडा देते. उघड्या पाण्यात आकडाच नाही. मोजायचं थांबलं की डोकं रिकामं होतं. शिवाय पाणी ठरवतं आणि आपण त्याच्याशी घासाघीस करतो, हे नातं तलावात मिळत नाही.

खरं तर आपल्याकडे पोहणं उघड्या पाण्यातच सुरू झालं. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून पोरांना विहिरीत ढकलायचं, बिंडा सुटला की नदी. सांगलीत कृष्णेला पूर आला की आयर्विन पुलावरून उड्या पडायच्या. (आता त्याच हौसेसाठी आपण प्रवेश शुल्क भरतो आणि छातीवर क्रमांक लिहून घेतो. मीही भरलं.)

उघड्या पाण्यात पोहणाऱ्यांची पंढरी मात्र इंग्लिश खाडी. डोव्हरपासून फ्रान्सचा किनारा सरळ रेषेत सुमारे ३४ किलोमीटर. पण सरळ रेषेत कुणी जात नाही. ऑगस्ट १८७५ मध्ये कॅप्टन मॅथ्यू वेब २१ तास ४५ मिनिटांत पलीकडे पोचला, तेही ब्रेस्टस्ट्रोकने. भरती-ओहोटीने त्याला इतकं इकडेतिकडे फिरवलं की पोहलेलं अंतर जवळपास दुप्पट झालं. आजही तिथले पोहणारे बहुतेक भांगाच्या, म्हणजे कमी ओढीच्या दिवसांची वाट पाहतात. डोव्हरचा नावाडी आणि आमचे तांडेलकाका यांना एकमेकांची भाषा येत नसली तरी चंद्रावर त्यांचं एकमत होईल.

खाडीचे नियम मला फार आवडतात. साधा पोशाख, टोपी, गॉगल, वेटसूट नाही. बोट सोबत असते, पण तिला हात लावला की संपलं. पेयाची बाटली दोरीने सोडतात, पोहणारा पाणी तुडवत पितो. आई जेवायला वाढते आहे, पण जवळ घेत नाही, तसं काहीसं. पाणी १५ ते १८ अंश, आणि पाण्यात शरीराची ऊब हवेपेक्षा कित्येक पट वेगाने जाते. बाहेर आल्यावरही काही वेळ अंगातली उष्णता घसरतच राहते, म्हणून किनाऱ्याला पाय लागला की सुटलो असं नसतं.

भारतीयांपैकी १९५८ मध्ये मिहिर सेन यांनी ही खाडी पार केली, पुढच्याच वर्षी आरती साहा यांनी. ही सुरुवात बंगालची. १९८३ मध्ये मुंबईच्या तारानाथ शेणॉय यांनी खाडी पार केली. त्यांना ऐकू येत नव्हतं, दृष्टीही अधू होती. मला राहून राहून वाटतं, पाण्यात कान बुडालेले, गॉगल धुरकटलेला अशा अवस्थेत सगळेच त्यांच्या थोडे जवळ जातात. फरक इतकाच की ते तिथे आधीपासून राहत होते. पुढे जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्यांची मालिका पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ मध्ये पुरी केली, आणि २०२३ मध्ये प्रभात कोळी यांनी.

मुंबईच्या पोहणाऱ्यांची कसोटी धरमतर ते गेटवे, ३६ किलोमीटर. निघताना खाडीचं ओसरतं पाणी पाठीशी घ्यायचं. पण ओहोटी सहा तासांची आणि पल्ला त्याहून लांबचा. पाणी फिरण्याआधी कुठवर पोचायचं, यावर सगळी मदार.

माझा किलोमीटर संपला तेव्हा मी शेवटच्या झेंड्यापासून चांगला दीडशे पावलं बाजूला वाळूला लागलो होतो. गुडघे आपले वाटत नव्हते. तांडेलकाकांनी चहाचा पेला हातात दिला. तो इतका थरथरला की निम्मा चहा वाळूने प्यायला. त्यांनी काही विचारलं नाही. मीच विचारलं, उद्या कोणती तिथी?

"नवमी."

नवमीची पाऊणपट. पावणेसात.